जमिनीची प्रत व शेताचें ठिकाण

(१)

मराठी अमदानींतील एखाद्या गांवाचा जमीनझाडा हातीं आला म्हणजे संशोधकाची पहिली दृष्टि मिति, शिक्का, हस्ताक्षर व व्यक्तिनामें ह्यांकडे जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या कागदाचा बहुतेक भाग निराळ्याच मजकुरानें व्यापलेला असतो. अमुक थळ, त्याचे इतके बिघे; पैकीं अव्वल इतके, दूम इतके, सीम इतके; वजा पड इतकी; बाकी लागवड इतकी; असा तो मजकूर पानेंच्या पानें चाललेला असतो. सनदा, महजर व निवाडे छापले जातात. हे झाडे मात्र रुमालांत बांधलेले राहतात. सनद तेवढी जपून ठेवावी आणि तिच्याबरोबरच्या झाड्याच्या यादी बाजूस काढाव्या, असाहि प्रकार कित्येक खासगी संग्रहांत घडतो. आंकड्यांची ही रुक्ष याद, हिच्यांत इतिहास तो काय असणार, अशी समजूत त्याच्या मुळाशीं असते.

ही समजूत बरोबर नाहीं हें दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. प्रश्न साधा आहे. गांव एक, पाऊस एक, नांगर एक, बियाणें एक. दोन शेतांमध्यें अंतर काय तें एका बांधाचें. असें असतां एक शेत अव्वल आणि दुसरें सीम कां? ह्यास साधारणतः दोन उत्तरें देण्यांत येतात. एक, पाहणीदाराचा अथवा कुलकर्ण्याचा पक्षपात. दुसरें, जमीनच मुळीं तशी, एक काळी व दुसरी बरड. पहिलें उत्तर कांहीं ठिकाणीं खरें असेल, परंतु त्यास पुरावा पाहिजे. दुसरें उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. कारण बांधाच्या अलीकडे काळी व पलीकडे बरड असें कां व्हावें, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. तो सुटतो तो शेताच्या ठिकाणावरून. शेत टेकडीच्या माथ्यावर आहे, उतारावर आहे, पायथ्याशीं आहे कीं ओढ्याकांठीं आहे, ह्यावर मातीची खोली, तिचा पोत, तिच्यांतील ओल आणि अखेरीस पीक हीं अवलंबून असतात. जिराइतांत, म्हणजे केवळ पावसावर पिकणाऱ्या जमिनींत, हा संबंध फार घट्ट आहे. तो ध्यानांत घेतला म्हणजे झाड्यांतील आंकडे बोलूं लागतात, आणि पक्षपाताचा आरोप कोठें करावा व कोठें करूं नये हेंहि कळूं लागतें.

(२)

देशावरील बहुतेक जमीन एकाच जातीच्या काळ्या खडकापासून झालेली आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं तप्त शिलारसाचे थरावर थर पसरून हा खडक बनला, आणि आजहि सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्यानें व्यापलेला आहे. थर एकावर एक रचलेले असल्यामुळें आपल्या डोंगरांच्या बाजू दुरून पायऱ्यांसारख्या दिसतात. भूस्तरशास्त्रज्ञ ह्या खडकास ट्रॅप म्हणतात, तो शब्दहि जिना अशा अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरूनच आलेला आहे. एकाच गांवच्या शिवारांत मूळ खडक एक आणि हवापाणीहि एक. तरी माती निरनिराळी. तेव्हां भेदाचें कारण मुख्यतः जमिनीच्या चढउतारांत शोधणें प्राप्त आहे.

वाचकांनीं आपल्या ओळखीच्या एखाद्या गांवीं टेकडीच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत एकदां सरळ चालत यावें. वाटेंत चार पायऱ्या लागतात. पहिली माथ्याची. माथा सपाट असेल तर पाऊस तेथें कांहीं मुरतो व थोडी माती टिकून राहते. पण सपाटी संपून जेथें उतार सुरू होतो त्या खांद्यावर धूप सर्वांत अधिक होते. तेथें मातीचा थर कोठें वीतभर, कोठें त्याहूनहि कमी. त्याखालीं मुरूम, आणि त्याखालीं खडक. हीच बरड अथवा मुरमाड जमीन. दुसरी पायरी उताराची. येथें वरून माती येते व खालीं जाते; जमाखर्च जवळ जवळ सारखा राहतो, म्हणून खोली मध्यम असते. तिसरी पायथ्याची. उतार मंदावला कीं पाण्याचा वेग मोडतो, आणि वेग मोडला कीं पाण्याच्या अंगीं असलेली माती तें टाकून देतें. जमाखर्चांत येथें जमेची बाजू मोठी. काळी माती येथें दोन हात, चार हात, कित्येक ठिकाणीं त्याहूनहि खोल सांपडते. चौथी ओढ्याची अथवा नदीची कांठपट्टी. पूर ओसरतांना जो गाळ मागें राहतो त्याची मळई येथें बनते.

परंतु खालीं जाते ती केवळ मातीच नव्हे. खडक कुजत असतांना त्यांतील चुना, मॅग्नेशियम, सिलिका इत्यादि द्रव्यें पाण्यांत विरघळतात व जमिनीच्या पोटांतून झिरपत झिरपत खालच्या पायरीकडे येतात. तेथें तीं सांचतात, आणि त्यांच्या सांनिध्यांत ओल्यानें फुगणारी व सुकल्यानें आकसणारी अशी विशिष्ट चिकणमाती तयार होऊन टिकते. पायथ्याच्या भारी काळींत हिचे अतिसूक्ष्म कण शेंकडा ५० ते ६०, क्वचित् त्याहूनहि अधिक असतात. उन्हाळ्यांत अशा जमिनीस मोठमोठ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, आणि पुढच्या पावसांत भेगा मिटल्या म्हणजे माती आपोआप खालींवर होते. म्हणूनच ही जमीन स्वतःला नांगरते असें शेतकरी म्हणतात. चुन्याचे खडे, म्हणजे चुनखडी, हे त्याच सांचलेल्या द्रव्यांचे अवशेष होत. काळा रंग म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याची विपुलता, असा एक समज आहे. पण तो खरा नाहीं. ह्या काळ्या मातींत सेंद्रिय द्रव्याचा अंश बहुधा अल्पच असतो.

एका उतारावरील माती अशा रीतीनें एकमेकींत गुंतलेल्या असतात. वरचीची झीज तीच खालचीची भर. पूर्व आफ्रिकेंत काम करीत असतां जेफ्री मिल्न ह्या मृत्तिकाशास्त्रज्ञानें १९३५ सालीं ह्या रचनेस कॅटिना असें नांव दिलें. कॅटिना म्हणजे लॅटिन भाषेंत सांखळी. पुढें १९४१ सालीं हान्स जेनी ह्यानें माती घडविणारीं पांच कारणें सांगितलीं, त्यांत हवामान, जीवसृष्टि, मूळ खडक व काल ह्यांच्याबरोबर भूमीच्या चढउतारासहि स्वतंत्र स्थान दिलें. शास्त्रांत हें नांव अलीकडचें. पण वस्तु आपल्या दप्तरांस त्यापूर्वीं कित्येक शतकें परिचित होती, हें पुढें दिसेल.

येथें एक सावधगिरी सांगून ठेवणें अवश्य आहे. ठिकाण म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. पायऱ्यांच्या डोंगरांत अर्ध्या चढणीवर एखादें रुंद टप्पर लागतें, आणि त्याच्या आंतल्या अंगास, वरच्या कड्याच्या पायथ्याशीं, उत्तम काळी माती सांठलेली असते. ती जमीन नदीकांठच्या एखाद्या उघड्या टेपाडाहून कितीतरी उंच असूनहि प्रतीनें वरचढ असूं शकते. आपल्या भोंवतालच्या जमिनीच्या मानानें शेत कोठें आहे, एवढेंच पाहावयाचें.

(३)

आतां पिकाकडे वळूं. जिराइतांत जमिनीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे पाणी धरून ठेवण्याची शक्ति. भारी काळ्या मातीच्या एक फूट खोलींत पिकास उपयोगी पडेल असें पाणी साधारणतः दीड ते दोन इंच मावतें. ह्या मानानें चार फूट खोल जमिनींत सहा ते आठ इंच पाण्याची शिल्लक राहते. वीतभर खोलीच्या मुरमाड जमिनींत एक इंचहि कष्टानें राहतें. पीक दिवसास इंचाचा आठवा हिस्सा पाणी घेतें असें हिशेबापुरतें धरलें, तर वरच्या शेतास पाऊस थांबल्यावर आठ दिवसांची बेगमी, आणि खालच्या शेतास पन्नास ते साठ दिवसांची. आकाश दोघांवर सारखेंच असतें. पण एकाच्या पदरीं कोठार आहे आणि दुसऱ्याच्या पदरीं ओंजळ.

ह्यावरूनच हंगाम ठरतो. पुणें जिल्ह्याचा पूर्वभाग, नगर व सोलापूर हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. तेथें वर्षाचा पाऊस बहुतेक ठिकाणीं २० ते ३० इंच, आणि त्यांतील भरंवशाचा भाग भाद्रपद-आश्विनांतला. माथ्याच्या व उताराच्या हलक्या जमिनींत मृग-आर्द्राच्या पावसावर बाजरी, मटकी, हुलगा, तूर हीं खरिपाचीं पिकें घेतलीं जातात. कारण पाऊस चालू असेल तोंवरच त्या जमिनीस पाणी. पायथ्याची भारी जमीन पावसाळाभर कुळवून मोकळी ठेवितात, आणि उत्तरा-हस्ताच्या सुमारास तिच्यांत शाळू, हरभरा, करडई पेरितात. तें पीक सांठलेल्या ओलीवर व थंडीच्या दंवावर माघ-फाल्गुनापर्यंत उभें राहतें. तेव्हां एखाद्या कागदांत शेताचें क्षेत्र व पीक एवढेंच लिहिलें असलें, तरी तें शेत कोणत्या पायरीवर असावें ह्याचा तर्क बांधतां येतो. बाजरी लिहिली असेल तर दृष्टि वर न्यावी. शाळू व हरभरा असेल तर खालीं.

(४)

खालची जमीन तेवढी चांगली, असा सरसकट नियम मात्र करितां येत नाहीं. जें पाणी गुण आणतें तेंच दोषहि आणतें. अगदीं तळच्या सखल भागीं पाणी निघून जाण्यास वाट नसेल तर वरून आलेले क्षार तेथेंच सांचतात. क्षारांतील सोडियमचा अंश वाढला म्हणजे मातीचे कण घट्ट बसतात, पाणी मुरत नाहीं, आणि जमीन चोपण बनते. पाण्यांत विरघळणारे क्षार वर आले म्हणजे पांढरा थर दिसतो. लोक तिला खारवट म्हणतात. डोंगराच्या पोटांतील झरे जेथें पृष्ठभागावर फुटतात तेथें उपळवट. नदीचा प्रवाह बदलला कीं मळई एका रात्रींत वाहून जाते, किंवा तिच्यावर वाळूचा थर बसतो.

शिवाय साल कसें उगवतें त्यावरहि पुष्कळ आहे. अतिवृष्टीच्या वर्षीं खालच्या शेतांत वाफसा येत नाहीं, पेरणीची वेळ टळते. त्याच वर्षीं वरची बाजरी मात्र उत्तम येते. अवर्षणाच्या वर्षीं वरचें शेत आधीं जळतें व खालचें अखेरपर्यंत धीर धरतें. म्हणूनच शहाणा कुणबी दोन्ही पायऱ्यांवर थोडी थोडी जमीन राखी, आणि भाऊवांटपांतहि प्रत्येक भावास वरचा व खालचा असे दोन्ही तुकडे मिळावे असा आग्रह असे. एकाच शेताचे उभे लांबट पट्टे पाडलेले आढळतात त्याचें एक कारण हें कीं, उतारास धरून पट्टा पाडला म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास सगळ्या प्रती येतात. वांटणीपत्रांतील असे पट्टे हें केवळ भाऊबंदकीचें चिन्ह मानणें एकांगी होय. त्यांत दुष्काळाविरुद्धची तरतूदहि आहे.

(५)

ही सर्व माहिती जुन्या कागदांत कोणत्या रूपानें येते तें आतां पाहूं. अव्वल, दूम, सीम हे शब्द अरबी-फारशींतून आलेले असून त्यांचा अर्थ पहिली, दुसरी, तिसरी एवढाच. मलिकंबराची (मृत्यु १६२६) जमाबंदी जमिनीच्या मगदुराप्रमाणें होती अशी तिची ख्याति आहे. शिवकालीं मोजणीची काठी पांच हात पांच मुठींची होती. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशेंवीस बिघ्यांचा चावर, हें सभासदाच्या बखरीवरून वाचकांस विदितच आहे. परंतु काठीनें क्षेत्र सारखें होतें, उत्पन्न सारखें होत नाहीं. म्हणूनच मोजणीस प्रतीची जोड द्यावी लागली. कित्येक ठिकाणीं तर उलट मार्ग दिसतो. तेथें बिघा अथवा चावर हें निश्चित क्षेत्र नसून हलक्या जमिनीचें अधिक क्षेत्र व भारी जमिनीचें थोडें क्षेत्र एकाच मापाचें धरलेलें असतें, हेतु हा कीं सारा सारखा पडावा. असे आंकडे सरळ एकरांत रूपांतरित करून बेरजा मांडणाऱ्याचा हिशेब चुकतो. आणि चूक अशी कीं, जितकें गांव डोंगराळ तितकी ती मोठी.

प्रतींच्या जोडीस जे देशी शब्द येतात ते अधिक बोलके आहेत. बरड, खडकाळ, माळ हे वरच्या पायरीचे. तांबट व मध्यम हे बहुधा उताराचे. काळी व चिकणी पायथ्याचे. मळई, पाणथळ, चोपण हे तळचे. दांड म्हणजे उंचवट्याची लांब धार आणि लवण म्हणजे जमिनीचा खोलगट वांक. हे शब्द शेतांच्या नांवांतून आजहि जिवंत आहेत. पाटस्थळ व मोटस्थळ ह्यांनीं बागाइताचें ठिकाण कळतें. खुद्द काळी-पांढरी हा आपला नित्याचा जोडशब्द ह्याच जातीचा आहे. काळी म्हणजे कसण्याची जमीन, आणि पांढर म्हणजे वस्तीची जागा. पांढरीची माती राख, शेण, हाडें व पडक्या भिंतींचा चुरा ह्यांनीं पिढ्यान् पिढ्या बनत आलेली असते, आणि ती बहुधा अशा उंचवट्यावर असते कीं जेथून पाणी जवळ, पूर दूर व काळी डोळ्यांसमोर. घोड नदीकांठच्या इनामगांव येथें १९६८ पासून झालेल्या उत्खननांत सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडांत आली. त्याहि वस्तीनें जागा निवडली ती नदीकांठची, काळ्या मातीच्या शेजारची.

चतुःसीमेचा मजकूर ह्या दृष्टीनें फार मोलाचा आहे. ताम्रपटांतील आघाट असोत कीं पेशवाईतील खरेदीखतांतील सीमा असोत, पूर्वेस ओढा व पश्चिमेस माळ असें लिहिलें असेल तर शेताचा उतार पूर्वेकडे, आणि शेत उताराच्या खालच्या अंगास, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. व्यक्तींचीं नांवें जुळत नाहींत म्हणून जी सीमा आपण सोडून देतों, तिच्यांतील ओढा व टेकडी अजून जागच्या जागीं असतात.

कोंकणांत व गोमंतकांत हीच सांखळी निराळ्या नांवांनीं येते. डोंगरउतारावर वरकस, तेथें नाचणी व वरी. खालीं भाताचीं खाचरें. आणि खाडीकांठीं बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेलीं खाजणें. गोमंतकांतील मोरड, खेर व खाजन ह्याहि अशाच तीन पायऱ्या. फरक एवढाच कीं, पाणी सांचणें हा शाळूच्या शेतास दोष, आणि तोच भाताच्या खाचरास गुण. म्हणून देशावरची पाणथळ व कोंकणांतली पाणथळ हीं एका मोलानें वाचतां येत नाहींत. प्रत ही केवळ जमिनीची नसते. ती त्या जमिनींत घ्यावयाच्या पिकाचीहि असते.

(६)

ह्या विवेचनाचा इतिहासाच्या निर्णयावर प्रत्यक्ष परिणाम कोठें होतो, ह्याचें सर्वांत महत्त्वाचें उदाहरण म्हणजे पड हा शब्द. एखाद्या परगण्याच्या झाड्यांत पड जमीन तिसरा हिस्सा निघाली कीं, स्वारी, दुष्काळ अथवा जुलूम ह्यांनीं तो परगणा उजाड झाला होता, असा निष्कर्ष काढण्याकडे आपला कल असतो. परंतु वरच्या पायरीची बरड जमीन दरसाल पिकत नाहीं. दोनतीन सालें बाजरी घेतली कीं तिचा कस उतरतो, आणि मग कांहीं सालें ती गवताखालीं टाकून विसावा द्यावा लागतो. तीं सालें तिची नोंद पड अशीच होणार. ती पड म्हणजे उजाडी नव्हे. ती शेतीची रीतच होय.

खालच्या काळीची पड ह्याहून सर्वस्वीं निराळी. ती जमीन कोणी सुखासुखीं टाकीत नाहीं. टाकली तर थोडक्याच वर्षांत तिच्यांत हरळी व कुंदा माजतो, आणि पुनः वहितीस आणावयास सहा-आठ बैलांचा मोठा नांगर लागतो. तेव्हां कागदांत अव्वल जमीन पड दिसली तर समजावें कीं माणसें नाहींत, किंवा बैल नाहींत, किंवा दोन्ही नाहींत. कौल व इस्तावा ह्यांची मुदत पाहतांनाहि हाच विवेक पाहिजे. सारा सालोसाल चढवीत नेऊन पुरा बसविण्यास किती वर्षें दिलीं, हें लागवड करणाऱ्याच्या गरिबीवर जसें अवलंबून असे तसें जमिनीच्या जातीवरहि असे. तात्पर्य, वरच्या जमिनीची पड ही रीत आणि खालच्या जमिनीची पड ही आपत्ति. झाड्यांत प्रतवार पड दिलेली असते ती ह्याच कारणानें उपयोगी. आणि आपण छापतांना नेमकी तीच फोड गाळून एकूण बेरीज तेवढी देतों.

सुटीच्या कागदांसहि हेंच लागू आहे. सूट कोणत्या थळांस मिळाली हें पाहिलें तर, सालाचें नांव कागदांत नसलें तरी, तें साल अवर्षणाचें कीं अतिवृष्टीचें हें कित्येकदां ओळखतां येईल. वरच्या थळांस सूट असेल तर पाऊस कमी; तळच्या थळांस असेल तर पूर अथवा फाजील ओल.

(७)

इंग्रजी अमलांत पुणें जिल्ह्यांत प्रिंगलसाहेबांनीं केलेली पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनीं १८३५ सालीं इंदापूर तालुक्यांत नवें काम हातीं घेतलें, आणि १८३६ पासून तेथें तीस वर्षांचा ठराव अमलांत आला. ह्या पद्धतीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालांत एकत्र केलेले आहेत. जमिनीच्या नऊ प्रती, पहिलीचें मोल सोळा आणे व शेवटचीचें दोन आणे. प्रत ठरविण्याचें मुख्य साधन दोन, मातीची जात व तिची खोली. खोली हातांत मोजावयाची, पावणेदोन हातांपासून खालीं. शेताची आकृति काढून तिचे भाग पाडीत व प्रत्येक भागांत माती खणून पाहत. मग दोष वजा करावयाचे: चुनखडीचे कण, रेतीची भेसळ, उतार, पाणी मुरूं न देणारी माती, वाहत्या पाण्याखालीं जाण्याची भीति, उपळांची फाजील ओल, इत्यादि.

ही यादी लक्षपूर्वक पाहिली तर असें दिसेल कीं, ह्यांतील बहुतेक बाबी शेताच्या ठिकाणाच्याच निरनिराळ्या खुणा आहेत. उतार ही दुसऱ्या पायरीची खूण, उपळ व पूर ह्या तळच्या, आणि खोली ही सर्वच पायऱ्यांची. मिल्नच्या सांखळीचें नांवहि कोणीं ऐकलें नव्हतें त्या काळीं कारकून हातांत पहार घेऊन तीच सांखळी कडीकडीनें मोजीत होते. तींत एक उणीव मात्र राहिली. पावणेदोन हात म्हणजे सुमारें साडेएकतीस इंच. त्याहून अधिक खोलीस वेगळी प्रत नव्हती. रबीच्या पिकास चार फुटांवरची ओलहि उपयोगी पडते, ती ह्या हिशेबांत आली नाहीं. तरीहि प्रतबंदीचीं हीं बुकें आजच्या संशोधकास किल्लीसारखीं आहेत. मराठी अमदानींतील झाडा व त्याच गांवची प्रतबंदी शेजारीं ठेवून पाहिली, तर जुन्या थळांचीं ठिकाणें पुष्कळ अंशीं निश्चित करितां येतील.

(८)

ह्या मार्गानें जाऊं इच्छिणाऱ्यानें आरंभ एकाच गांवापासून करावा. झाड्यांतील थळांचीं नांवें उतरून घ्यावीं. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर गांवचे ओढे व टेकड्या पाहाव्या. आणि मग गांवांतील वृद्धांना बरोबर घेऊन शिवार पायीं फिरावें. शेतांचीं नांवें कागदापेक्षां तोंडांत अधिक टिकतात. डॉ. हॅरोल्ड मान ह्यांनीं पुण्याजवळील पिंपळें सौदागर ह्या गांवाचें १९१७ सालीं, व ना. वि. कानिटकर ह्यांच्यासह जातेगांव बुद्रुक ह्या कोरडवाहू गांवाचें १९२१ सालीं वर्णन प्रसिद्ध केलें. एका गांवाकडे बारकाईनें पाहिल्यानें किती लाभ होतो ह्याचे ते नमुने आहेत.

परंतु आजच्या मातीवरून जुन्या प्रतीची परीक्षा करितांना फार जपलें पाहिजे. शिवार आतां पूर्वींचें राहिलेलें नाहीं. मुंबई इलाख्यांत १९४२ च्या कायद्यानंतर समपातळीच्या बांधबंदिस्तीचीं कामें मोठ्या प्रमाणावर निघालीं; १९७२ च्या दुष्काळांत त्यांत मोठी भर पडली. नीरेच्या डाव्या कालव्यासारखे कालवे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहूं लागले, आणि कालव्यांखालील सखल काळींत कित्येक ठिकाणीं चोपण वाढली. पूर्वींची अव्वल आज पडीक दिसते. उलट तलावांतला गाळ पसरून बरडावर बाग उभी राहिली. यंत्रांनीं टेपाडें कापून लवणें भरलीं. जेथें भूमीनेंच आपला पूर्वींचा आकार टाकला, तेथें त्या आकाराची साक्ष देणारा झाड्याचा कागद हाच एक साक्षीदार उरतो.

आणि ह्या साक्षीची गरज केवळ शेतीच्या इतिहासास नाहीं. गांवांतील जमीन कोणाच्या वांट्यास कोणत्या पायरीवर आली, हा प्रश्न समाजाच्या इतिहासाचा आहे. पाटलाचें इनाम कोठें, देवस्थानाचें कोठें, महारांचा हाडकी-हाडोळा कोठें, उपऱ्यांची जमीन कोठें, हें बिघ्यांच्या बेरजेवरून कळत नाहीं. दोन वतनें बिघ्यांनीं सारखीं असतील, आणि एक पायथ्याच्या काळींत व दुसरें खांद्याच्या मुरमांत असेल. तर कागदावरची समता खोटी. तसेंच, दोघांच्या साऱ्यांत मोठें अंतर असेल व त्यांच्या पायऱ्यांतहि तेवढेंच अंतर असेल, तर पक्षपाताचा आरोप खोटा. पायऱ्या सारख्या असूनहि सारा निराळा पडला असेल, तेथेंच पाहणीदाराच्या नेकीविषयीं संशय घेण्यास जागा आहे. अन्यायाचा शोधहि असा आधीं जमिनीचा न्याय समजल्यावांचून होत नाहीं.

म्हणून संग्राहकांस एवढीच विनंति आहे कीं, सनदेबरोबर आलेला झाडा, आकारणीची याद, सुटीचा कागद अथवा वांटणीपत्र हीं तिच्यापासून वेगळीं करूं नयेत. रुमाल फोडलाच तर कोणता कागद कोणत्या गांवच्या कोणत्या रुमालांतला ह्याची नोंद ठेवावी. आणि सूची करितांना थळांचीं नांवें व प्रतवार आंकडे गाळूं नयेत. ज्या ओळी आज रुक्ष वाटतात त्या लिहिणाऱ्यानें उन्हांतान्हांत शिवार तुडवून लिहिलेल्या आहेत. त्याच वाटेनें, तो कागद हातीं घेऊन, माथ्यापासून ओढ्यापर्यंत एकदां उतरून आल्याखेरीज त्या पुरत्या वाचल्या असें म्हणतां येणार नाहीं.